लाल मातीतला निरोप



गावच्या शाळेतला निरोपसमारंभ तुम्ही एकदा तरी पाहिलाच असेल. हेडमास्तर सेवानिवृत्त होतात. पटांगणात मांडव पडतो. सरपंच शाल घालतात, श्रीफळ देतात. सातवीतली एखादी मुलगी पाठ केलेले भाषण म्हणता म्हणता रडू लागते. गुरुजी उत्तराचे चार शब्द बोलायला उभे राहतात आणि त्यांचाही गळा दाटून येतो. मग चहा-चिवडा होतो, मांडव सुटतो, माणसे शेताकडे वळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी घंटा वाजते आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. गुरुजी गेले, आता शाळेचे काय? त्यांनी लावलेली शिस्त राहील का? त्यांनी लावलेल्या झाडांना मे महिन्यात पाणी कोण घालील?

हाच प्रश्न ऐंशी वर्षांच्या एका गुरुजींना पडला होता. त्यांचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. जग त्यांना कवी म्हणून ओळखते. आपले राष्ट्रगीत त्यांचे, हे तर पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण १९०१ पासून १९४१ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, हा माणूस एका शाळेचा मुख्य होता. मुले आणि शिक्षक त्यांना 'गुरुदेव' म्हणत. त्यांनी आपल्या शाळेचा निरोप कसा घेतला आणि त्यानंतर शाळेचे काय झाले, ते आज पाहू. त्यासाठी शांतिनिकेतनला जावे लागेल. चला तर, पिशवी भरा.

वाट कशी आहे?

मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गाड्यांपैकी एकीचे नावच 'गीतांजली एक्सप्रेस' आहे. गुरुदेवांच्या पुस्तकावरून हे नाव ठेवले आणि १९७७ साली ती गाडी सुरू झाली. नाशिक, भुसावळ, अकोला, नागपूर करीत ती दुसऱ्या दिवशी हावड्याला पोचवते. म्हणजे खानदेश-वऱ्हाडातल्या मंडळींना दारातूनच गाडी आहे म्हणायची. हावड्याला उतरून दुसरी गाडी धरायची आणि सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या बोलपूरला जायचे. अडीच-तीन तासांचा प्रवास.

या तीन तासांत खिडकी सोडू नका. बर्दवानपर्यंत नुसते भाताचे रान. खाचरे, तळी, तळ्याच्या काठाला केळी आणि नारळ, पाण्यात डुंबणारी बदके. बंगालमध्ये घर तिथे तळे, आणि तळे तिथे मासळी. बर्दवानची सीताभोग आणि मिहिदाना ही मिठाई नावाजलेली आहे, मुलांसाठी थोडी घ्यावी. पुढे अजय नावाची नदी लागते. ती ओलांडली की बीरभूम जिल्हा सुरू होतो आणि मातीचा रंग पालटतो. काळसर चिकण गाळ मागे राहतो आणि लाल, खडबडीत, मुरमाड जमीन सुरू होते. कोकणातल्या माणसाला वाटावे, आपण रत्नागिरीच्या सड्यावर तर आलो नाही? कारण दगड तोच, जांभा.

बोलपूर स्टेशनाबाहेर रिक्षावाले उभेच असतात. दोन-तीन किलोमीटरवर शांतिनिकेतन. जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथल्या साप्ताहिक सुटीची जुनी रीत रविवारची नाही, बुधवारची आहे. बुधवारी सकाळी काचेच्या प्रार्थनामंदिरात उपासना होते. म्हणून तो वार सोडून जावे.

माळावरची शाळा

आज तिथे गर्द सावली दिसते. पण १८६३ साली रवींद्रनाथांच्या वडिलांनी, देवेंद्रनाथांनी, ही वीस बिघे जमीन कायम भाडेपट्ट्याने घेतली तेव्हा तो उघडा माळ होता. सातवीणीची दोन झाडे तेवढी उभी होती. सातवीण म्हणजे सप्तपर्णी, तिथले लोक तिला 'छातिम' म्हणतात. त्या दोन झाडांखाली देवेंद्रनाथ ध्यानाला बसत. बाहेरून चांगली माती आणून, खड्डे भरून, त्यांनी बाग उठवली. मुरमाड जमिनीवर झाड जगवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

माळाच्या पलीकडे 'खोआई' आहे. पावसाच्या पाण्याने कापून काढलेल्या लाल घळी. वरची माती वाहून गेली की जमिनीच्या फासळ्या कशा उघड्या पडतात, ते तिथे दिसते. शहरातून येणारी मंडळी त्या घळींचे फोटो काढतात. शेतकऱ्याने त्या पाहाव्यात आणि आपल्या बांधाची आठवण करावी.

अकरा-बारा वर्षांचे रवींद्रनाथ वडिलांबरोबर पहिल्यांदा इथे आले आणि त्याच घळींतून गारगोट्या गोळा करीत हिंडले. या मुलाला शाळा आवडत नसे. चार भिंतींत कोंडून घेणे त्याला सोसले नाही आणि त्याने कुठलीच शाळा धड पुरी केली नाही. शाळेला कंटाळलेल्या त्याच मुलाने पुढे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, २२ डिसेंबर १९०१ रोजी या माळावर आपली शाळा उघडली. विद्यार्थी पाच, त्यांत एक स्वतःचा मुलगा. वर्ग झाडाखाली. मुलांनी आपापले आसन आणायचे आणि गोल करून बसायचे.

आजही शांतिनिकेतनच्या पाठभवनाचे वर्ग आमराईत आणि झाडांखाली भरतात. वर्ग चालू असताना बाहेरच्या माणसाने आत शिरू नये, दुरून पाहावे. गुरुजी झाडाच्या बुंध्याशी बसलेले, समोर मुले, आणि मध्येच एखादे पान वहीवर येऊन पडते. आपल्याकडे शाळेला खोल्या नाहीत म्हणून मुले झाडाखाली बसतात. इथे मुद्दाम, ठरवून बसतात, हा फरक.

शाळा चालवायची तर पैसा हवा

झाडाखालची शाळा फुकट चालते असे कुणाला वाटेल. तसे नाही. शिक्षकांना पगार लागतो, मुलांना दोन वेळचे जेवण लागते. गुरुदेवांच्या पत्नी मृणालिनीदेवींनी शाळेसाठी अंगावरचे दागिने दिले. पुरीचे घर विकावे लागले. शाळा सुरू होऊन वर्षही उलटले नव्हते, तोच नोव्हेंबर १९०२ मध्ये मृणालिनीदेवी गेल्या. पुढच्या वर्षी मधली मुलगी रेणुका गेली, १९०५ साली वडील गेले, आणि १९०७ साली धाकटा मुलगा शमींद्र पटकीने गेला. पाच वर्षांत घर रिकामे झाले. शाळा मात्र एक दिवस बंद ठेवावी असे त्या माणसाच्या मनात आले नाही. दुसऱ्यांची लेकरे समोर बसली होती.

१९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी कुठे ठेवली असेल? आपल्या जमीनदारीतल्या पतिसर गावी शेतकऱ्यांसाठी त्यांनी एक कृषी बँक काढली होती, तिच्यात. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या कुळांना त्यातून स्वस्त कर्ज मिळावे आणि आलेल्या व्याजातून शाळेचा खर्च भागावा, असा हिशोब होता. पुढे कर्जे थकली आणि ती रक्कम बुडाली. पण नोबेलच्या पैशातून कुळांनी बी-बियाणे घेतले, ही गोष्ट मला पारितोषिकापेक्षा मोठी वाटते.

म्हातारपणीही त्यांची झोळी सुटली नाही. १९३६ साली, पंच्याहत्तरीच्या घरात, ते मुलामुलींचा नृत्यनाट्याचा संच घेऊन गावोगाव प्रयोग करीत निधी गोळा करीत होते. दिल्लीत गांधीजींना हे कळले. या वयात या माणसाने शाळेसाठी वणवण करावी, याने त्यांना वाईट वाटले. त्यांनी साठ हजार रुपयांची सोय करून दिली आणि आता दौरा पुरे करा असा निरोप धाडला.

नांगर धरणारे गुरुदेव

शेतकरी घरातल्या माणसाने शांतिनिकेतनला जाऊन श्रीनिकेतन पाहिले नाही, तर निम्मी यात्रा फुकट गेली समजावे. तीनच किलोमीटरवर सुरुल गावाजवळ ही जागा आहे.

आपली शाळा चांगली चालली, पण भोवतालची खेडी तशीच कंगाल राहिली तर उपयोग काय, ही टोचणी गुरुदेवांना फार आधीपासून होती. १९०६ साली त्यांनी मुलाला, रथींद्रनाथांना, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पाठवले. बॅरिस्टर व्हायला नव्हे, शेती शिकायला. पुढे जावईही त्याच विद्येसाठी गेले. तेव्हा गुरुदेवांनी जावयांना लिहिले की उपाशी रयतेच्या घासातून तुमचे शिक्षण होत आहे, तेव्हा परत येऊन तिच्या ताटात चार घास जास्त पडतील असे करा, म्हणजे मनाला समाधान होईल.

६ फेब्रुवारी १९२२ रोजी श्रीनिकेतनचे काम सुरू झाले. त्यासाठी लेनर्ड एल्महर्स्ट नावाचा तरुण इंग्रज आला होता, तोही अमेरिकेत शेती शिकलेला. भोवतालची गावे हिवतापाने पोखरली होती. या मंडळींनी व्याख्याने न देता डबकी बुजवली, गावोगावच्या मुलांची पथके बांधली, सहकारी आरोग्य संस्था काढल्या, विणकाम आणि चामड्याचे काम शिकवले. १९२४ साली खेड्यातल्या गरीब मुलांसाठी 'शिक्षासत्र' ही वेगळी शाळा निघाली. तिथे हाताने काम करता करता शिकायचे.

एल्महर्स्टने त्याच १९२२ साली कलकत्त्यात एक व्याख्यान दिले, त्याचा विषय होता जमिनीची लूट. जमिनीतून नुसते घेत राहायचे आणि तिला परत काही द्यायचे नाही, ही लूटच. अध्यक्ष होते गुरुदेव. आपण शेणखत, हिरवळीचे खत का घालतो, ते यात आले. पण मला वाटते, हा हिशोब शाळेलाही लागू आहे. गावातली हुशार मुले शिकतात आणि निघून जातात, गावाकडे परत काहीच येत नाही. तीही एक प्रकारची लूटच नाही का?

जुलै १९२८ मध्ये गुरुदेवांनी दोन सण नव्याने सुरू केले. एक शांतिनिकेतनात, वृक्षारोपणाचा. दुसरा श्रीनिकेतनात, हलकर्षणाचा. हलकर्षण म्हणजे नांगरणी. बैल सजवले, संस्कृत मंत्र म्हटले आणि लांब पांढऱ्या दाढीच्या गुरुदेवांनी स्वतः नांगर धरला. नंदलाल बोस यांनी त्या दिवसाचे मोठे भित्तिचित्र श्रीनिकेतनात काढले आहे. आपल्याकडे पोळ्याला बैलांना जो मान, तोच मान तिथे नांगराला. शिकलेल्या माणसाने नांगराला हात लावला तर त्याला कमीपणा येत नाही, हे मुलांना तोंडाने सांगून पटत नाही. ते त्यांनी करून दाखवले.

आपली माणसे तिथे

मराठी माणसालाही हे ठिकाण परके नाही. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१५ च्या सुमारास तिथेच होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीजी आले, त्यांची आणि काकांची भेट इथेच झाली. गोपाळ कृष्ण गोखले गेल्याची बातमी गांधीजींना कळली तीही इथेच, आणि ते तसेच पुण्याला निघाले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी मुलांना आणि शिक्षकांना सांगितले की स्वयंपाक, झाडलोट, संडाससफाई आपली आपण करा. १० मार्चला हे सुरू झाले. त्याची आठवण म्हणून अजून त्या दिवशी आश्रमातले सगळे हातात झाडू घेतात.

विनायक मासोजी हे मराठी चित्रकार तिथल्या कलाभवनात शिकवीत. साने गुरुजींनी पाहिलेल्या 'आंतरभारती'च्या स्वप्नाला प्रेरणा मिळाली ती गुरुदेवांच्या विश्वभारतीची. आणि पु. ल. देशपांडे तर पन्नाशीत बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले, त्याचे 'वंगचित्रे' हे पुस्तक आपल्या वाचनालयात मिळेल.

एक पत्र

आता निरोपाकडे येऊ.

फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनला आले. त्यांना 'श्यामली'त उतरवले होते. हे घर अवश्य पाहा. १९३५ साली गुरुदेवांनी ते मुद्दाम मातीचे बांधून घेतले, छप्परसुद्धा मातीचे. खेड्यात गवताची छपरे पेट घेतात, तर मातीचे छप्पर टिकते का ते पाहावे, असा विचार. भिंतींवर कलाभवनातल्या मंडळींनी मातीतच चित्रे उठवली आहेत.

गांधीजी निघाले तेव्हा गुरुदेवांनी त्यांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. गाडीत बसल्यावर गांधीजींनी ती वाचली. मजकूर असा होता की विश्वभारती हे माझ्या आयुष्याची सारी कमाई भरलेले गलबत आहे, ही संस्था देशाची ठेव आहे असे वाटत असेल तर तिला आपल्या छायेखाली घ्या.

त्या पत्राची भाषा मोठी आहे, पण त्यामागचा माणूस ओळखीचा वाटतो. अंगातली ताकद संपत चाललेला म्हातारा शेतकरी बांधावर उभा राहून जमिनीकडे पाहतो आणि भरवशाच्या माणसाला म्हणतो, 'माझ्यामागं एवढ्याकडं बघा.' जगाने डोक्यावर घेतलेल्या कवीला शेवटी चिंता होती ती कवितांची नव्हे, शाळेची.

गांधीजींनी शब्द दिला. ते पत्र त्यांनी मौलाना आझादांना दाखवले. गुरुदेव गेले, गांधीजीही गेले. पण स्वतंत्र भारताचे शिक्षणमंत्री झालेले आझाद ते विसरले नाहीत. १९५१ साली संसदेने कायदा केला आणि विश्वभारती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था व केंद्रीय विद्यापीठ झाली. एका चिठ्ठीचे ओझे तीन माणसांनी हातोहात पुढे नेले.

२५ जुलै १९४१

१९४० च्या सप्टेंबरात कालिंपोंगला गुरुदेव फार आजारी पडले. कलकत्त्यात उपचार झाले. जरा बरे वाटताच नोव्हेंबरात ते शांतिनिकेतनला परतले. १४ एप्रिल १९४१ ला, बंगाली वर्षाच्या पहिल्या दिवशी, आश्रमाने त्यांचा ऐंशी पुरी झाल्याचा वाढदिवस केला. भाषण त्यांनी लिहिले होते, पण वाचण्याइतकी शक्ती नव्हती. ते समोर बसून राहिले आणि क्षितिमोहन सेन यांनी ते वाचले. जगात महायुद्ध पेटले होते. त्या भाषणात सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशांवर खरमरीत टीका होती, आणि तरीही माणसावरचा विश्वास सोडणार नाही असे सांगणे होते. सभेत बोललेला निरोप म्हणायचा तर तो हाच.

जुलैत दुखणे बळावले. शस्त्रक्रिया करायची, त्यासाठी कलकत्त्याला न्यायचे, असे डॉक्टरांनी ठरवले. २५ जुलैला सकाळी 'उदयन' घरातून त्यांना स्ट्रेचरवर बाहेर आणले. पावसाळ्याचे दिवस. वाटेच्या दोन्ही अंगांना मुले, मुली, शिक्षक, नोकर, आसपासचे लोक उभे. शाल नाही, श्रीफळ नाही, भाषण नाही. मुलांनी आश्रमाचे गीत म्हटले. ते गीत गुरुदेवांनीच शाळेसाठी लिहिले होते. ज्या मुलांना त्यांनी गायला शिकवले त्यांनीच गाऊन त्यांना वाटेला लावले. बोलपूरला गाडी लागली आणि चाळीस वर्षांचे गुरुजी गेले ते पुन्हा आले नाहीत.

३० जुलैला शस्त्रक्रिया झाली. ७ ऑगस्टला दुपारी, कलकत्त्यात जोडासांकोच्या ज्या घरात ते जन्मले त्याच घरात त्यांनी प्राण सोडला. आपल्यामागे म्हणावे म्हणून एक गीत त्यांनी बाजूला काढून ठेवले होते. त्या संध्याकाळी शांतिनिकेतनच्या काचेच्या मंदिरात ते म्हटले गेले.

बावीस श्रावण

गुरुदेव गेले तो दिवस बंगाली पंचांगाप्रमाणे २२ श्रावण. आता शांतिनिकेतन हा दिवस कसा पाळते ते पाहा.

त्या दिवशी तिथे वृक्षारोपण होते. एक रोप सजवलेल्या पालखीत बसवतात. पिवळी वस्त्रे ल्यालेली मुले-मुली गात-नाचत ती पालखी नेतात. आपल्या पालखीत संतांच्या पादुका असतात, त्यांच्या पालखीत हातभर उंचीचे रोप. मंत्र म्हणून, पाणी घालून ते लावले जाते. आणि दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे सजवलेले बैल आणि नांगर. गुरुजींच्या पुण्यतिथीला झाड लावायचे आणि दुसऱ्या दिवशी जमीन नांगरायची. शोक करायचा तो असा, हात मातीत घालून.

सगळे काही जसेच्या तसे राहिले असे मी म्हणणार नाही. सरकारी पैसा आला तसे सरकारी कायदे-कानूही आले. रथींद्रनाथ पहिले उपाचार्य झाले, पण दोनच वर्षांत, १९५३ साली, ते बाजूला झाले. गुरुदेवांचे नोबेल पदकसुद्धा मार्च २००४ मध्ये तिथल्या संग्रहालयातून चोरीला गेले. सोन्याचे पदक कपाटात कुलपात होते, ते गेले. सातवीणी उघड्यावर होत्या, त्यांची परंपरा राहिली. पदवी मिळालेल्या विद्यार्थ्याला सातवीणीची पाने देण्याची रीत तिथे आहे, ती त्याच झाडावरून आली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. वीस बिघे मुरमाड माळ कुठून कुठे गेला पाहा!

आपल्या गावी परतताना

परतीच्या गाडीत बसाल तेव्हा एक विचार बरोबर घेऊन या. गुरुदेवांचा निरोप २५ जुलैच्या सकाळी झाला असे आपण म्हणतो. खरे तर तो त्याच्या आधी कितीतरी वर्षे चालू होता. ज्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांच्या हाती काम सोपवायला सुरुवात केली, खेड्यातल्या पोरांची पथके उभी केली, सण लावून दिले, झाडे लावली, गांधीजींच्या हातात चिठ्ठी ठेवली, त्या त्या दिवशी ते शाळेचा निरोपच घेत होते. आपण नसताना काय राहील, याची ती तजवीज होती. जाणारा माणूस एवढेच करू शकतो. बाकीचे राहणाऱ्यांनी करायचे असते.

आपल्या गावच्या शाळेला ना गुरुदेव लाभतात ना संसदेचा कायदा. पण राहणारी माणसे आहेतच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात चारांपैकी तीन सभासद मुलांचे आईबाप असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या बायका असाव्यात, असा नियम आहे. म्हणजे शाळेची राखण कायद्याने तुमच्याच हाती आहे. कित्येक गावांत ही समिती कागदावर असते. सभेचे रजिस्टर घरपोच सहीला येते आणि सही होते.

तेव्हा पुढच्या खेपेला गावात हेडमास्तरांचा निरोपसमारंभ असेल तर शाल-श्रीफळ जरूर द्या, त्यात कसूर नको. पण आदल्या आठवड्यात समितीची एक सभा घ्या आणि गुरुजींना समोर बसवून विचारा, 'गुरुजी, तुमच्यामागं कशाकडं बघायचं?' ते सांगतील. अमक्याची मुलगी हुशार आहे, तिला पुढे शिकू द्या. तमक्या वस्तीवरची पोरे ऊसतोडीच्या हंगामात शाळा सोडतात, त्यांची सोय बघा. विहिरीकडच्या कुंपणाला तार नाही. हे सारे लिहून घ्या. एकेका कामापुढे एकेका माणसाचे नाव घाला. तीच गुरुजींची चिठ्ठी.

आणि समारंभाच्या दिवशी मुलांच्या हातून पटांगणात एक झाड लावा, सातवीण, कडुनिंब, आंबा, जे तुमच्या जमिनीत जगेल ते. मे महिन्यात त्याला पाणी कोणी घालायचे, तेही त्याच दिवशी ठरवून टाका.